असईच्या रणातला डायोमेड आणि पिस्तुलांची जोडी

जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यात, ढाल-तलवारींच्या शेजारी, कधी कधी एखादे ठासणीचे पिस्तूल टांगलेले दिसते. ते कुणाचे, असे विचारले की उत्तर तयार असते. गोऱ्या साहेबाचे, ड्युएलचे, म्हणजे द्वंद्वाचे. पुढे दोन साहेबांचे भांडण येते, एक मडमही येते, आणि गोष्ट रंगत जाते. गोष्टी रंगाव्यात, त्याला हरकत नाही. पण अशा ऐकीव गोष्टींखाली एका विलक्षण कारागिरीचा खरा इतिहास झाकला जातो. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसराचा त्या इतिहासाशी असलेला खराखुरा संबंधही कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून एकेक गैरसमज घेऊन तो तपासून पाहू.

गैरसमज : ड्युएल ही विलायतेतली भानगड, आपल्या मुलखाशी तिचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो थेट असईच्या रणापर्यंत जातो. ऑगस्ट 1803 मध्ये अहमदनगरचा किल्ला घेऊन इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली गोदावरी ओलांडून वर सरकला आणि 29 ऑगस्टला तेव्हाच्या औरंगाबादेत पोचला. पुढे 23 सप्टेंबरला, आजच्या जालना जिल्ह्यात, असईजवळ, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात त्याची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी गाठ पडली. त्या दिवशी वेलस्लीच्या मांडीखालचा पहिला घोडा गोळी लागून पडला. मग तो डायोमेड नावाच्या करड्या अरबी घोड्यावर बसला. डायोमेडलाही भाला लागला, पण तो वाचला.

हा डायोमेड वेलस्लीकडे आला कसा? त्याचा आधीचा मालक होता कर्नल हेन्री हार्वे ॲस्टन, 12 व्या पायदळ पलटणीचा प्रमुख. डिसेंबर 1798 मध्ये मद्रास इलाख्यात, अर्णीच्या छावणीत, आपल्याच पलटणीतल्या दोन मेजरांशी त्याचे बिनसले. त्या दोघांबद्दल त्याने पत्रात व्यक्त केलेले मत त्यांना झोंबले होते. ॲस्टनने दोघांची आव्हाने पाठोपाठ स्वीकारली. मेजर पिक्टनशी झालेल्या पहिल्या सामन्यातून तो सुखरूप सुटला. दुसऱ्या सामन्यात मेजर ॲलनची गोळी त्याच्या पोटात गेली. तशाही अवस्थेत त्याने हात सरळ करून पिस्तूल रोखले. आपण बार काढू शकतो हे दाखवून दिले आणि मग ते खाली घेतले. आयुष्यातले शेवटचे कृत्य सूडाचे नसावे, असे तो म्हणाल्याचे नोंदलेले आहे. आठवडाभरात तो गेला. जाताना डायोमेड त्याने वेलस्लीला दिला. म्हैसूरच्या स्वारीसाठी फौज आणि रसद जमवण्याचे ॲस्टनकडचे कामही वेलस्लीकडे आले, आणि त्या कामात तो वरिष्ठांच्या नजरेत भरला. अर्णीच्या त्या सकाळी पिस्तुलाचा नेम थोडा हुकला असता, तर असईला कोण आले असते कुणास ठाऊक.

दुसरा धागा याहून जुना आहे आणि त्याचा मराठ्यांशी अधिक जवळचा संबंध आहे. जानेवारी 1779 मध्ये वडगाव मावळात इंग्रजांची नाचक्की झाली. तरीही गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जला मराठ्यांशी चाललेले युद्ध पुढे रेटायचे होते. त्याच्याच कौन्सिलातला फिलिप फ्रान्सिस याला ते पसंत नव्हते. दोघांत समझोता झाला. मग महादजी शिंद्यांच्या मुलखावर फौजा पाठवण्याच्या प्रश्नावर तो मोडला. फ्रान्सिसच्या वागण्यात सचोटी नाही आणि इभ्रतही नाही, असे हेस्टिंग्जने सरकारी कागदावर लिहून ठेवले. 17 ऑगस्ट 1780 च्या सकाळी कलकत्त्याजवळ अलीपूरला दोघे चौदा पावलांवर समोरासमोर उभे राहिले. भांडणाच्या मुळाशी मराठ्यांशी चाललेले युद्ध होते. पिस्तुले बाहेर निघाली ती इभ्रतीवरून.

या दोघांना पिस्तुलाचा सराव जवळपास नव्हताच. हेस्टिंग्जचा साथीदार कर्नल पिअर्स याने तो प्रसंग लिहून ठेवला आहे. फ्रान्सिसने दोनदा पिस्तूल उचलले आणि खाली घेतले. तिसऱ्यांदा चाप ओढला, तर बार उडालाच नाही. दारू दमट झाली होती. पिअर्सने आपल्याजवळची कोरडी दारू त्याला दिली. मग दोघांनी जवळजवळ एकदमच बार काढले. फ्रान्सिसची गोळी वाया गेली आणि हेस्टिंग्जची फ्रान्सिसच्या उजव्या बरगडीत घुसली. फ्रान्सिस जगला, त्याच वर्षाच्या अखेरीस मायदेशी परतला आणि पुढे पार्लमेंटात हेस्टिंग्जवर खटला उभा करण्यात त्याने मोठा वाटा उचलला. मराठ्यांशी तह व्हायला 1782 उजाडावे लागले, आणि तो सालबाईत झाला.

गैरसमज : पेटीत जोडीने ठेवलेले जुने पिस्तूल म्हणजे ड्युएलचे पिस्तूल.

हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. खोगिराला लटकवायची घोडेस्वाराची पिस्तुलेही जोडीनेच असत. प्रवासात दरोडेखोरांसाठी बाळगायची आखूड पिस्तुले, कोटाच्या खिशातली चिमुकली पिस्तुले, नेमबाजीच्या सरावाची पिस्तुले, हीही पेटीतच मिळत. आपल्याकडे जी सापडतात त्यांतली बरीचशी तर फौजी असतात. कुलपाच्या पट्टीवर हृदयाच्या आकारात कंपनीची अक्षरे असली, किंवा साधारण 1808 नंतरचा मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह कोरलेला असला, तर ते ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायाचे पिस्तूल. त्याचाही इतिहास मोलाचा आहे, पण तो इतिहास ड्युएलचा नाही.

खरे ड्युएलचे पिस्तूल 1770 च्या सुमारास वेगळे आकाराला आले. लंडनमध्ये रॉबर्ट वॉग्डन हा त्याचा नामांकित कारागीर. पुढे जॉन आणि जोसेफ हे मॅन्टन बंधू, डर्स एग, हेन्री नॉक, एच. डब्ल्यू. मॉर्टिमर ही नावे आली. पॅरिसात लपाज आणि व्हर्सायच्या कारखान्यात निकोला-नोएल बुते. ही पिस्तुले एकाच कामासाठी घडवली जात. दहा-बारा पावलांवर, हात उंचावताच, दुसरा विचार न करता नळीचे तोंड समोरच्या माणसाकडे वळले पाहिजे, हे ते काम.

त्यासाठी नळी नऊ-दहा इंच लांब आणि आठ पैलू पाडलेली असे. ती जड असे, म्हणजे बार होताना हात उसळत नसे. तोंड साधारण अर्ध्या इंचाचे. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आणि अशा कोनात वळवलेला, की मनगट मुडपावे लागत नसे. काही पिस्तुलांच्या चापाच्या कडीला खाली एक काटा असे. त्यावर मधले बोट टेकले की पकड पक्की होई. नळीचे लोखंड तर गोष्ट करण्याजोगे. चांगल्या इंग्रजी नळ्यांसाठी घोड्यांच्या नालांचे जुने खिळे गोळा करत. टापांखाली वर्षानुवर्षे ठोके खाऊन ते लोखंड चिवट होते, असा कारागिरांचा अनुभव होता. ते खिळे तापवून एकजीव करायचे, त्यांची पट्टी ठोकायची, ती सळईभोवती गुंडाळत न्यायची आणि वेढ्याशी वेढा सांधायचा. अशा नळीला फुटायला लांबीभर गेलेला सरळ सांधाच मिळत नसे.

आता बार कसा उडतो ते जवळून पाहा. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो. त्याच्या जबड्यातली चकमक पोलादी झडपेवर घासते, झडप पुढे उलटते, खालचा कटोरा उघडा पडतो आणि ठिणग्या त्यातल्या रंजकेवर, म्हणजे बारीक दारूवर, पडतात. रंजक भडकते, ज्वाळा नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक भोकातून, आत शिरते, मग आतली दारू पेटते आणि गोळी सुटते. एवढे सगळे घडायला क्षणाचा अंश लागतो, पण हा अंश हाताला जाणवतो. तेवढ्या वेळात हात हलला तर गोळी भलतीकडे जाते. उत्तम कारागीर याच वेळेशी झुंजत असत. झडपेच्या स्प्रिंगशी त्यांनी इवलेसे चाक बसवले, म्हणजे झडप अडखळत नसे. कान सोन्याने आणि पुढे प्लॅटिनमने मढवला, म्हणजे दारूच्या आम्लाने तो झिजून रुंद होत नसे. कटोऱ्याच्या कडेला पाणी वाहून जाण्यासाठी खाच ठेवली. अलीपूरला फ्रान्सिसचे जे झाले, ते दुसऱ्या कुणाचे होऊ नये म्हणून हा सारा खटाटोप.

पेटी महोगनीची, आतून हिरव्या बनातीची. तिच्यात दारूची कुपी, गोळ्या ओतायचा साचा, ठासायचा गज, तेलाची बाटली, चकमकीचे तुकडे आणि गोळीला गुंडाळायच्या कापडी चकत्या. साचा प्रत्येक जोडीचा आपापला. त्या जोडीच्या नळीला दुसऱ्या साच्यातली गोळी नीट बसेलच असे नाही, म्हणून साचा हरवलेली पेटी जाणकाराला अपुरी वाटते.

गैरसमज : जितकी नक्षी जास्त, तितके पिस्तूल खानदानी.

इंग्रजी ड्युएलची पिस्तुले मुद्दाम साधी ठेवत. नळी तपकिरी, म्हणजे पहाटेच्या उन्हात ती चमकून डोळे दिपवत नसे. चांदीचे काम बेताचे, नक्षी नावापुरती. बुतेची सोन्याने मढवलेली पिस्तुले जगभरच्या संग्रहालयांत दिमाखात मिरवतात खरी, पण ती बहुतेक करून नेपोलियनच्या काळी सेनापतींना बक्षीस द्यायला घडवलेली होती. हस्तकलेच्या प्रदर्शनांत पितळी फुलांनी मढलेले जे ‘ॲण्टिक’ पिस्तूल विकायला ठेवलेले असते, त्याच्या नळीला कानच पाडलेला नसतो. झडपेचे पोलाद कडक केलेले नसते, म्हणून ठिणगीही पडत नाही. ते घराच्या शोभेसाठी खुशाल घ्या, पण वारशाच्या किमतीला घेऊ नका.

गैरसमज : पाठीला पाठ लावून दहा पावले चालायचे, गर्रकन वळायचे आणि गोळी घालायची.

हे सिनेमाने शिकवले. ब्रिटिश रिवाजात बहुधा साथीदारच अंतर मोजून जागा ठरवत, दोघांना समोरासमोर उभे करत आणि इशारा देत. आयर्लंडात 1777 मध्ये क्लॉनमेलला जमलेल्या मंडळींनी तर याचे नियमच लिहून काढले होते.

वेलस्ली, म्हणजे नंतरचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, स्वतः एकदाच ड्युएलला उभा राहिला, आणि तेही पंतप्रधान असताना, वयाच्या 59 व्या वर्षी. 21 मार्च 1829 रोजी लंडनजवळच्या बॅटरसीच्या मैदानात त्याच्यासमोर अर्ल ऑफ विंचिल्सी होता. कॅथलिकांना हक्क देण्यावरून विंचिल्सीने त्याच्यावर जाहीर आरोप केले होते. वेलिंग्टनकडे स्वतःची ड्युएलची पिस्तुले नव्हती. त्याच्या डॉक्टरने, जॉन ह्यूमने, ती आणली. वेलिंग्टनचा साथीदार सर हेन्री हार्डिंज. त्याचा डावा हात 1815 च्या लढाईत गेलेला, म्हणून पिस्तूलही डॉक्टरलाच भरावे लागले. हार्डिंजने बारा पावले मोजली. वेलिंग्टनची गोळी बाजूने गेली, विंचिल्सीने आपली हवेत सोडली, लेखी माफी दिली आणि मंडळी घरी गेली. हाच हार्डिंज पुढे 1844 मध्ये हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला.

गैरसमज : एकाचा तरी मुडदा पडल्याशिवाय ड्युएल संपत नसे.

जेम्स गिलख्रिस्ट याने 1821 मध्ये तिसऱ्या जॉर्जच्या कारकिर्दीतल्या 172 ड्युएलांची मोजदाद केली. त्यांत 69 माणसे मेली, 96 जखमी झाली. म्हणजे मैदानात उतरलेल्या दर पाच जणांत एक मरत होता. हा आकडा लहान नाही, पण प्रत्येक वेळी माणूस मेलाच, असेही नाही. मरण्यापेक्षा उभे राहून दाखवणे महत्त्वाचे मानले जाई.

आणि हे सगळे बेकायदा होते, हेही सांगायला हवे. इंग्लंडच्या कायद्याने ड्युएलमध्ये मारणे हा खूनच. पण आव्हान नाकारणाऱ्या अफसराला मेसमध्ये तोंड दाखवता येत नसे, आणि स्वीकारणाऱ्याच्या मानेवर फाशी टांगलेली असे. या पेचात कित्येक तरुण हकनाक मेले. 1843 मध्ये लंडनला कर्नल फॉसेट आपल्याच साडूच्या गोळीने मेला, तेव्हा लोकांचा संताप उसळला आणि 1844 मध्ये लष्करी नियम बदलले. माफी मागणे आणि देणे हे इभ्रतीला शोभणारेच आहे, हे त्यांत लेखी आले. ते तीस-चाळीस वर्षे आधी झाले असते, तर किती घरे वाचली असती.

गैरसमज : ही पिस्तुले बेभरवशाची, गोळी लागली तर नशीब.

बेभरवशाचे होते ते हात आणि दारू. दहा-बारा पावलांवर उत्तम पिस्तूल माणसाला चुकत नसे. नेम फारच अचूक होऊ नये म्हणून इंग्रजी रिवाजात नळी आतून गुळगुळीत ठेवत, आटे पाडत नसत. आट्यांनी गोळी गिरकी घेत सरळ जाते, आणि तो दगा मानला जाई. तरी काही कारागिरांनी तोंडाजवळ गुळगुळीत आणि आत आटे पाडलेल्या नळ्या विकल्या. चापातही अशीच करामत होती. चाप आधी पुढे ढकलून ठेवायचा, मग नुसत्या स्पर्शाने बार उडे.

12 सप्टेंबर 1840 ला अर्ल ऑफ कार्डिगनने कॅप्टन हार्वे टकेटला जखमी केले, तेव्हा कार्डिगनच्या पिस्तुलांत आटेही होते आणि असा चापही. टकेट हा हिंदुस्थानात नोकरी केलेला अफसर. अशा अफसरांना कार्डिगन तुच्छ लेखत असे. खटल्यातून तो तांत्रिक मुद्द्यावर सुटला, पण या पिस्तुलांनी त्याची नाचक्की झाली. अमेरिकेत 11 जुलै 1804 ला ॲरन बरने अलेक्झांडर हॅमिल्टनला ज्या जोडीने मारले, ती वॉग्डन आणि बार्टनची होती, आणि तिच्यातही असाच छुपा चाप होता.

गैरसमज : कारागिरी त्यांची, आपल्याकडे नुसत्या तोड्याच्या बंदुका.

हे ऐकले की मला मनापासून वाईट वाटते. तोड्याची बंदूक ही अडाण्यांची बंदूक नव्हे. बंदुकीला जळती वात पुरेशी असेल आणि चांगली चकमक दुर्मिळ असेल, तर वात वापरणे शहाणपणाचे. आपल्याकडच्या नळ्या लोखंडाच्या पट्ट्या पिळून, वेढे घालून सांधलेल्या असत. त्यांच्या अंगावर पाण्याच्या लाटांसारखी रेखा उमटे. तुर्की आणि हिंदुस्थानी नळ्यांवरची ती रेखा पाहूनच युरोपीय कारागिरांनी तशा नळ्या घडवायला घेतल्या.

इथल्या मातीत ओतकामाची परंपराही होती. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली. दौलताबादला चिनी महालाच्या जवळ मेंढ्याच्या डोक्याची मेंढा तोफ अजून आहे. किल्ला पाहायला गेलात तर बाकीचे आटोपल्यावर तिच्यापाशी थोडा वेळ थांबा, ओतकाम पाहा. महादजींच्या आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाचा स्कॉट माणूस महादजींचा युरोपीय सेनानी दे ब्वान्य याच्या हाताखाली तोफा ओतत होता आणि बंदुका घडवत होता. असईला त्या तोफखान्याने इंग्रजांची जबर हानी केली. 428 मेले आणि 1138 जखमी झाले. लढाईनंतर इंग्रजांच्या हाती आलेल्या पितळी तोफा इतक्या उत्तम होत्या, की त्या कंपनीच्या कामी लावता येतील असे वेलस्लीने कळवले. म्हणून पेशवाईतल्या कुणा सरदाराच्या नावावर ड्युएलचे पिस्तूल चिकटवण्याची गरज नाही. मराठ्यांकडे द्वंद्वे तलवारीची होती. पिस्तुलाची जोडी, साथीदार, मोजलेली पावले हा रिवाज युरोपीय अफसरांचा. आपल्या वारशाला उसनी गोष्ट लागत नाही.

गैरसमज : शंभर वर्षांचे पिस्तूल आहे, आता त्याला परवाना कशाला?

1959 च्या शस्त्र कायद्याच्या 45 व्या कलमात जुन्या शस्त्रांना सूट आहे, पण अट स्पष्ट आहे. शस्त्र कालबाह्य घडणीचे, पुराणवस्तू म्हणून मोलाचे किंवा मोडके असावे, आणि दुरुस्ती करून किंवा न करता ते बंदूक म्हणून वापरता येता कामा नये. म्हणजे वय हा निकष नाही, बार उडू शकतो की नाही हा आहे. शंका असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत आधी विचारा. शिवाय 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. आणखी एक धोका आहे. भिंतीवरचे पिस्तूल कधी कधी भरलेलेच असते. काळी दारू कोरडी राहिली की पिढ्यान्‌पिढ्या तिचा जोर टिकतो. जाणकार नळीत लाकडी काडी घालून खोली मोजतो आणि बाहेरून कानापर्यंतच्या लांबीशी ताडून पाहतो. काडी कमी गेली, तर आत दारू-गोळी आहे. हे काम त्याच्यावरच सोपवा, आणि तोपर्यंत कुणी चाप ओढून बघू नका.

गैरसमज : गंज चढलाय, चिंच-मीठ लावून घासून काढा.

ती तपकिरी छटा पुष्कळदा गंज नसतेच. कारागीर नळीला मुद्दाम बारीक गंज चढवायचा, तो तारेच्या ब्रशाने खरवडायचा, पुन्हा चढवायचा. कित्येक दिवसांच्या अशा फेऱ्यांनंतर ती एकसारखी छटा बसे आणि मग तिला तेल-मेणाने पक्के करत. चिंच-मिठाने एका दुपारी ती निघून जाते. तिच्याबरोबर नळीवरचे कारागिराचे नाव आणि परीक्षण झाल्याचे बारीक ठसेही झिजतात. मग ते पिस्तूल लंडनचे की बर्मिंगहॅमचे, हे सांगायला काहीच उरत नाही.